सोन्याच्या गर्दीत एक काळा कोट: व्हिक्टोरियन आरमारी पाद्र्याचा रात्रीचा पोशाख कसा बेतावा

एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश युद्धनौकेवरची रात्रीची मेजवानी रंगमंचावर उभी करायची म्हटलं, की कपडेपट सांभाळणाऱ्याचा सगळा जीव कॅप्टनच्या पोशाखात अडकतो. कलाबतूची पट्टी किती रुंद, खांद्यावरची झुपकेदार एपॉलेट भाड्याने मिळतील का, तलवारीचं काय करायचं, यातच आठवडा जातो. प्रयोग चार दिवसांवर आला की कुणीतरी विचारतं, "आणि तो पाद्री?"

मी पहिल्यांदा हा पोशाख केला तेव्हा अधिकाऱ्याचाच एक निळा कोट उचलला, त्यावरची सोनेरी पट्टी अर्धी उसवली आणि छातीवर क्रूस शिवला. रंगीत तालमीत तो नट पाद्री तर वाटेनाच, लग्नाच्या वरातीतला बँडवाला वाटायला लागला. कोट त्या रात्री परत केला आणि पुढचे काही महिने हा पोशाख मुळातून समजून घेण्यात घालवले. नाटक, संग्रहालयातली पुतळ्यांची मांडणी, ऐतिहासिक वेशभूषेची हौस, चित्रकथा, यांपैकी कशासाठीही तुम्हाला हा पोशाख बेतायचा असेल, तर माझी ती चूक टाळता येईल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. आरमारी पाद्र्याला, म्हणजे चॅपलिनला, गणवेश नव्हताच. रॉयल नेव्हीच्या अधिकाऱ्यांना १७४८ साली ठरावीक गणवेश मिळाला. पुढे डॉक्टर आणि हिशेबनीसही त्यात आले. १८६३ पासून तर बाहीवरच्या सोनेरी पट्ट्यांच्या मधल्या रंगीत कापडावरून खातं ओळखता येई: डॉक्टरला लाल, पेमास्टरला पांढरं, इंजिनियरला जांभळं. चॅपलिनच्या बाहीवर यातलं काहीच नाही. १८४३ साली त्याला वॉरंटऐवजी कमिशन, म्हणजे पूर्ण अधिकाऱ्याची सनद, मिळालं, वॉर्डरूममध्ये, म्हणजे जहाजावरच्या जेवणघरात, इतर अधिकाऱ्यांच्या पंगतीला त्याचं पान हक्काचं होतं, पण अंगावरचा कपडा जमिनीवरच्या धर्मगुरूचाच राहिला. लष्करातल्या पाद्र्यांना १८६०च्या सुमारास गणवेश चढला, तरी आरमारातल्यांना नाही. त्यांनी तो अंगावर घालायला दुसरं महायुद्ध उजाडावं लागलं. त्याला हुद्दाही नसे. समोर जो उभा असेल त्याच्या बरोबरीचा, मग तो अ‍ॅडमिरल असो की पोरसवदा खलाशी, अशी आरमारातली समजूत आजही सांगितली जाते.

म्हणून या पोशाखाचं काम वजाबाकीचं आहे. दागिना नाही, पट्टी नाही, चकाकणारं बटण नाही. मग नजर कुठे जाते? थेट बेतण्यावर. खांद्याला पडलेली एक चुणीही लपत नाही.

पहिली पायरी: साल ठरवा आणि माणूसही

राणी व्हिक्टोरियाची कारकीर्द १८३७ ते १९०१, म्हणजे जवळपास चौसष्ट वर्षांची. 'व्हिक्टोरियन पोशाख' असं नुसतं शिंपी मास्तरला सांगणं म्हणजे 'जुन्या काळची साडी द्या' म्हणण्यासारखं झालं. मी ढोबळमानाने तीन काळ धरतो: १८४०चं दशक, १८६०चं दशक आणि १८९०चं दशक. फरक मुख्यतः गळ्यात आणि वेस्टकोटात पडतो. कोट तिन्ही काळांत त्याच घराण्यातला असतो.

सालाइतकाच महत्त्वाचा प्रश्न, हा पाद्री कुठल्या विचारांचा? १८३३ पासून ऑक्सफर्डमध्ये सुरू झालेल्या चळवळीने इंग्लंडच्या चर्चमध्ये दोन तट पाडले. जुने विधी, जुनी वस्त्रं परत आणावीत म्हणणारे 'हाय चर्च'वाले एकीकडे आणि साधं प्रवचन, साधी प्रार्थना एवढंच पुरे म्हणणारे इव्हँजेलिकल दुसरीकडे. कपड्यावरून माणूस कुठल्या तटाचा ते लोक ओळखत आणि चिडतही. १८४५ साली एक्सेटर शहरात प्रवचनाला पाद्र्याने पांढरा सर्प्लिस, म्हणजे विधीचा सैल अंगरखा, घालावा की काळा झगा, यावरून दंगा झाला होता. तेव्हा तुमच्या संहितेतला पाद्री कर्मठ आहे की मोकळाढाकळा, हे दिग्दर्शकाला विचारा. त्यावर वेस्टकोट ठरतो.

आणखी एक ठरवायचं ते मनातल्या मनात. 'पाद्री' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वसईचे किंवा गोव्याचे फादर येतात: लांब पांढरा झगा, गळ्यात क्रूस. ते कॅथलिक. व्हिक्टोरियन युद्धनौकेवरचा चॅपलिन चर्च ऑफ इंग्लंडचा, बहुधा ऑक्सफर्ड-केंब्रिजचा पदवीधर, लग्न केलेला असण्याचीही शक्यता. बऱ्याचदा तोच नेव्हल इन्स्ट्रक्टर म्हणून मिडशिपमन, म्हणजे शिकाऊ अधिकारी, पोरांना गणित आणि नौकानयनही शिकवी. जेवणाच्या टेबलाशी तो झग्यात बसत नाही आणि गळ्यात क्रूस लटकवत नाही. आधी त्याला सभ्य गृहस्थ म्हणून उभा करा, मग त्यातला पाद्री आपोआप दिसेल.

कापड

मूळ कापड ब्रॉडक्लॉथ: लोकरीचं, विणल्यावर पाण्यात कुटून घट्ट केलेलं, वर बारीक लव उठवून ती कातरलेली. ते इतकं घट्ट असे की कापलेल्या कडेचे दोरे सुटत नसत. त्यामुळे त्या काळच्या कोटांच्या कडा कित्येकदा दुमडलेल्या नसतात, नुसत्या सरळ कापलेल्या असतात. आपल्याला तसं कापड सहज मिळणार नाही. मंगळदास मार्केटमध्ये किंवा लक्ष्मी रोडवर गेलात तर ब्लेझरचं जाड, लोकरीचा अंश जास्त असलेलं कापड मागा. दुकानदार हमखास चकाकणारं टेरीवूल पुढे करील, ते घेऊ नका. कापड दुकानाबाहेर आणून उन्हात तिरपं धरा. चमक मारली तर रंगमंचावर दिव्याखाली ते प्लास्टिकसारखं दिसणार.

मोजमाप असं धरा: अंगाने मध्यम, साडेपाच फूट उंचीच्या नटाला ५८ इंची पन्ह्यात कोटाला अडीच मीटर, पँटला सव्वा मीटर. वेस्टकोटाच्या पुढच्या भागाला पाऊण मीटर काळं, मंद पोताचं रेशीम किंवा बारीक लोकरी कापड. त्याच्या पाठीला काळं सुती अस्तर चालतं, कारण ती दिसतच नाही. लव असलेलं कापड मिळालं तर सगळे तुकडे एकाच दिशेने, लव खाली येईल असेच बेता. एक बाही उलटी बेतली गेली तर ती वेगळ्याच काळ्या रंगाची दिसते.

रंगाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण निम्मी नाटकं इथेच चुकतात. अधिकाऱ्यांचे कोट गडद निळे असत, इतके गडद की मेणबत्तीच्या उजेडात काळेच वाटावेत. म्हणजे तुमचा काळा पाद्री आणि निळा लेफ्टनंट रंगमंचावर एकाच रंगात बुडणार. यावर उपाय दोन. अधिकाऱ्यांचा निळा एक छटा उजळ घ्या आणि पाद्र्याचं कापड पूर्ण निस्तेज ठेवा, म्हणजे उजेड त्यावर पडून परत येणार नाही. त्या काळात लोकरीला काळा रंग मुख्यतः लॉगवूड नावाच्या झाडाच्या लाकडापासून देत आणि जुना झाला की तो विटून हिरवट किंवा तांबूस दिसू लागे. वर्षानुवर्षं समुद्रावर काढलेल्या, बेताच्या पगाराच्या चॅपलिनचा कोट खांद्यावर आणि कोपरांवर थोडा विटलेला दाखवलात तर तो कोट बोलायला लागतो. त्यासाठी कोऱ्या कोटावर रंग फवारू नका. जे काही लावाल ते खांद्यावर, कॉलरच्या घडीवर आणि कोपरावर हलक्या हाताने टिपा आणि आधी चिंधीवर करून बघा.

पँट आधी, मग वेस्टकोट, मग कोट

हा क्रम बदलू नका. वेस्टकोटाची उंची पँटच्या कमरेवर ठरते आणि कोटाचा पुढचा काप वेस्टकोटाच्या कडेवर.

पँट सोपी आहे. कंबर उंच, बेंबीच्याही वर, आसन खोल, मोहरी सरळ, बुटावर किंचित टेकणारी. पट्टा नाही, गॅलिस. पुढची इस्त्रीची कडक घडी हे शतकाच्या अगदी शेवटचं प्रकरण आहे, म्हणून १८४० किंवा १८६०चा पाद्री असेल तर पँट बाजूच्या शिवणीवर दाबा, पुढे घडी पाडू नका. गुडघ्यापर्यंतची ब्रीचेस आणि गेटर दाखवण्याचा मोह होतो, कारण जुन्या चित्रांतले इंग्रज धर्माधिकारी तसे दिसतात. ते बिशप, डीन, आर्चडीकन. साधा चॅपलिन त्या पंगतीतला नाही.

वेस्टकोटाला मात्र वेळ द्या, सगळी गंमत तिथे आहे.

इतर सभ्य गृहस्थांचा रात्रीचा वेस्टकोट पुढून खोल उघडा असतो, आतला खळ घातलेला पांढरा शर्ट दिसतो. १८४०च्या दशकातला किंवा पुढचाही साध्या विचारांचा पाद्री बऱ्यापैकी तसाच, फक्त काळा, एकेरी बटणांचा वेस्टकोट घालू शकतो. तुमचा पाद्री या प्रकारचा असेल तर पाच-सहा कापड चढवलेली बटणं, उभी कॉलर आणि वर तीन-चार इंच पांढरा शर्ट दिसेल एवढा गळा ठेवा.

हाय चर्चवाल्यांचा वेस्टकोट निराळा. पुढून सलग, एकही बटण नाही, मध्यावर शिवण नाही, सरळ उभ्या कॉलरपर्यंत बंद. इंग्रज शिंपी त्याला गमतीने 'एम. बी.' म्हणत. 'मार्क ऑफ द बीस्ट'चं हे लघुरूप, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकातली श्वापदाची खूण. ज्याच्या अंगावर तो दिसेल तो रोमच्या पोपाकडे झुकलेला, असा त्यातला टोमणा. शिंप्याच्या दुकानातली चेष्टा इतकी जुनी आणि इतकी जिव्हारी लागणारी असते हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

तो बेतायचा असा. पुढचा भाग कापडाच्या घडीवर ठेवून एकसंध कापा. छातीला मापापेक्षा चार इंच सैल धरा, कमरेला तीन. गळा मानेच्या मुळाशी घट्ट. उघडायची सोय डाव्या खांद्यावर आणि डाव्या कडेला: खांद्यावर दोन हूक, कडेच्या शिवणीत मुंढ्याखालपासून कमरेपर्यंत हूक-आकडे किंवा लपवलेली बटणं. आपल्या बाराबंदीसारखं उघडणं बाजूला, पण बंद दिसत नाहीत. उभी कॉलर सव्वा इंच, आत बकरम. ती पुढून मधोमध दीड इंच उघडी सोडा, म्हणजे आतली पांढरी कॉलर तेवढीच दिसेल. खालची कड पँटच्या कंबरपट्टीखाली दीड इंच उतरली पाहिजे, नाहीतर नट हात वर करताच मधे शर्टाची पांढरी पट्टी डोकावते. पाठीवर पट्टी आणि बक्कल लावा, नट बदलला तरी बसवता येतो.

घाईत काही जण काळं नेहरू जाकीट उलटं घालून बटणं पाठीला आणतात. लांबून, एका प्रवेशापुरतं भागतं. पण मुंढे उलटे बसतात आणि नटाने ग्लास उचलायला हात पुढे केला की पाठ ताणून बटण उडतं.

कोट

बंद गळ्याचा कोट चालेल का, हा प्रश्न मला दर वेळी येतो. नाही चालणार. बंद गळ्याची कॉलर पाद्री वाटते खरी, पण तो कोट पुढून मांड्यांपर्यंत सरळ उतरतो. इथे हवा तो टेलकोट, म्हणजे पुढून कमरेशी आडवा कापलेला आणि मागे दोन शेपट्या सोडलेला.

मापं देतो. पुढचा आडवा काप वेस्टकोटाच्या खालच्या कडेला जेमतेम झाकेल इतकाच खाली. वेस्टकोट कोटाखालून दिसला तर तो नट वेटर वाटतो. शेपट्या गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंत. पाठ तीन शिवणींची: एक मधली, दोन बाजूच्या, मुंढ्यापासून कमरेकडे निमुळत्या येणाऱ्या. बाजूच्या शिवणी कमरेशी जिथे येतात तिथे दोन बटणं. कमरेला आडवी शिवण, शेपट्या तिथून निघतात. त्यांच्या चुणीत आतल्या बाजूने खिसा करून द्या, कारण बाहेर एकही खिसा नाही आणि नटाला रुमाल ठेवायला जागा लागते.

मुंढा उंच कापा, काखेत अगदी लागून. आजच्या मास्तरांना हे पटवणं कठीण जातं, त्यांना वाटतं कोट काखेत काचेल. उलट आहे. मुंढा खाली असेल तर हात उचलताच सगळा कोट वर येतो, मुंढा उंच असेल तर फक्त बाही हलते. तिरा नटाच्या खऱ्या खांद्याएवढाच, आत पॅड नको. १८४०-६०चे खांदे किंचित उतरते दिसत. छातीत मात्र कॅनव्हास हवाच, हातशिलाईने पसरट टाके घालून बसवलेला.

कॉलरचे दोन प्रकार. सर्वसाधारण पाद्री इतर गृहस्थांसारखाच मुडपलेल्या कॉलरचा टेलकोट घाली, म्हणून तो निर्धास्तपणे करा. लॅपलवर चकाकणारं सॅटिन चढवू नका, त्याच कापडाची लॅपल त्याला जास्त शोभते. उभ्या कॉलरचा, एकेरी कोट हा धर्मगुरूंच्या दरबारी पोशाखाचा प्रकार. मोठ्या समारंभाचा प्रवेश असेल तरच त्याच्या नादाला लागा.

बटणं सगळी काळी, कापड चढवलेली. नांगराचं चिन्ह असलेलं पितळी बटण एकही नको. मला विचाराल तर संपूर्ण पोशाखात तपासायची एकच गोष्ट असेल तर ही. कपडेपटातले मदतनीस सवयीने आरमारी कोटाला आरमारी बटणं लावून मोकळे होतात.

शिलाई यंत्र १८५०च्या दशकात पसरलं. सिंगरचं पेटंट १८५१चं. म्हणून त्याआधीचा कोट दाखवायचा असेल आणि पोशाख संग्रहालयात जवळून दिसणार असेल, तर बाहेरच्या कडा, काजं आणि लॅपल हातानेच शिवा. नाटकाला पहिल्या रांगेतूनही टीप कुणाला दिसत नाही, तिथे वेळ घालवू नका.

गळा

१८४०चं दशक: तलम पांढरी मलमल, ३६ इंचांचा चौकोन. कर्णावर दुमडा, मग टोकाकडून घड्या घालत तीन इंच रुंद पट्टी करा. मधला भाग गळ्यावर पुढून ठेवायचा, टोकं मानेमागे फिरवून पुन्हा पुढे आणायची आणि छोटी सपाट गाठ. त्या काळचा पाद्री दिवसाही पांढराच गळपट्टा घालत असल्याने संध्याकाळसाठी त्याला गळ्यात काही बदलावं लागत नसे. बाकीचे गृहस्थ मात्र रात्रीसाठी पांढऱ्यावर येत.

१८६०: खळ घातलेली उभी कॉलर आणि अरुंद पांढरा बो. आधीच बांधलेला इलॅस्टिकचा बो कृपा करून आणू नका, त्याच्या दोन्ही बाजू इतक्या सारख्या असतात की खोटेपणा लगेच कळतो.

१८९०: मागून बटणाने बंद होणारी सलग गोल कॉलर, जिला लोक 'डॉग कॉलर' म्हणतात. तिचं श्रेय ग्लासगोचे रेव्हरंड डोनाल्ड मॅक्लाउड यांना दिलं जातं आणि साल सांगतात १८६५. पण इंग्लंडच्या चर्चमध्ये ती रुळायला शतकाची अखेर आली. म्हणून १८५०च्या दशकातल्या क्रिमियन युद्धातल्या पाद्र्याला डॉग कॉलर घालणं म्हणजे पेशव्याच्या हातात टॉर्च देण्यासारखं आहे. रंगमंचासाठी ती दुधाच्या पांढऱ्या प्लास्टिक बाटलीतून दीड इंच रुंद पट्टी कापून करता येते. कडा काचपेपरने घासा, नाहीतर मान कापते. मागे एक प्रेस बटण पुरतं. जवळून दिसणार असेल तर मांजरपाट तांदळाच्या खळीत दोनदा बुडवून, ओलसर असतानाच कडक इस्त्री करा. शेवटच्या धुण्यात निळीचा एक थेंब घाला. पिवळट पांढरा काळ्या कापडाशेजारी फार मळका दिसतो.

काय काय काढून टाकायचं

मनगटी घड्याळ, लग्नाची अंगठी (त्या काळी इंग्रज पुरुष ती सहसा घालत नसत), क्रूस, तलवार, खांद्यावरचं काहीही. दाढी-मिशीबद्दलही सावध राहा. १८६९ साली अ‍ॅडमिरल्टीने आरमारात पूर्ण दाढी-मिशा एकत्र राखायला परवानगी दिली, नुसती मिशी नाही. तो नियम आधार धरून चॅपलिनला एक तर गुळगुळीत ठेवा, एक तर (१८६९ नंतरचा असेल तर) पूर्ण दाढी-मिशा द्या. नुसत्या पिळदार मिशा त्याला लष्करी मेजर करून टाकतात.

बुटांबद्दल एवढंच की काळे, साधे, पातळ तळाचे. तळाला रबराची पट्टी चिकटवा, लाकडी रंगमंचावर नट घसरतो.

एक गोष्ट मात्र ठेवता येते: पदक. युद्धात जहाजाबरोबर गेलेल्या चॅपलिनलाही मोहिमेची पदकं मिळत. संहितेत तो क्रिमियाला जाऊन आलेला असेल तर डाव्या लॅपलवर छोटं पदक, फीत फिकट निळी आणि कडा पिवळ्या. बाल्टिक मोहिमेचं असेल तर नेमकं उलटं, फीत पिवळी आणि कडा फिकट निळ्या. १८८२च्या अलेक्झांड्रियाच्या तोफमाऱ्यात असेल तर इजिप्तची फीत: तीन निळे, दोन पांढरे पट्टे. दोन पदकं लावू नका. त्या सगळ्या काळ्यावर तेवढा एकच रंगाचा ठिपका प्रेक्षकाच्या लक्षात राहतो आणि हा माणूस नेमका कुठे होता, असा प्रश्न त्याच्या मनात येतो.

उष्ण कटिबंध आणि मुंबईचं बंदर

जहाज मुंबईच्या बंदरात उभं आहे आणि महिना मेचा आहे असा प्रवेश असेल तर ब्रॉडक्लॉथ नटाचा जीव घेईल, जसा तो खऱ्या पाद्र्याचा घेत असणार. उन्हाळी हवेसाठी त्या काळी काळ्या अल्पाकाचे, म्हणजे त्या नावाच्या प्राण्याच्या लोकरीचे, हलके कोट शिवत. आपण बारीक विणीचं काळं सुती कापड घेऊन, फक्त खांद्यांना अस्तर लावून तोच आकार करू शकतो.

मुंबईचा संबंध ओढूनताणून आणलेला नाही. एच. एम. एस. ट्रिंकोमाली ही फ्रिगेट १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानात बांधली, ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. पोर्ट्समथला १८६०ची एच. एम. एस. वॉरियरही आहे. तिकडे राहणाऱ्या वाचकांनी यांपैकी एखाद्या जहाजावर जाऊन छताची उंची नुसती हाताने चाचपून पाहावी. मग टेबलाशी उंच रेशमी हॅट का नको आणि नटाला किंचित वाकून प्रवेश का करायचा, हे सांगावं लागत नाही.

दरबारी हजेरी असेल तर

वर सांगितलेला पोशाख जेवणाचा. राणीच्या लेव्हीला, म्हणजे दरबारी भेटीला, जायचं असेल तर इंग्रज धर्मगुरू आत अंगासरसा लांब कॅसक, त्यावर काळा झगा आणि दोन्ही खांद्यांवरून पुढे सोडलेला काळा रेशमी स्कार्फ असा जाई. धर्मगुरूंनी कसं दिसावं याचा मूळ नियम १६०४च्या चर्चच्या कायद्यांतल्या ७४व्या कलमात आहे आणि झगा तिथूनच चालत आला. जुन्या चालीचा पाद्री गळ्याला पांढऱ्या दोन पट्ट्यांचे बँडही लावी. हे बँड शिवत बसू नका. आपले वकील लावतात ते बँड त्याच इंग्रजी घराण्यातले आहेत. कोर्टाजवळच्या दुकानात तयार मिळतात. झगाही तिथे भाड्याने मिळू शकतो, फक्त वकिली झग्याची ठेवण पाठीमागून बघा आणि बाह्या पुरेशा घेरदार आहेत ना ते तपासा. जेवणाच्या प्रवेशात बँड नकोत, एवढं मात्र लक्षात असू द्या.

बसून ट्रायल घ्या

उभ्याने ट्रायल घेऊन मास्तरला "छान झालंय" म्हणू नका. या पोशाखाची खरी परीक्षा खुर्चीवर होते. ब्रिटिश आरमारात राजाच्या किंवा राणीच्या नावाचा प्याला बसूनच घेतात, ही त्यांची जुनी खासियत. लष्कर उठून उभं राहतं, आरमार बसून राहतं. त्यामुळे तुमचा नट प्रवेशभर बसलेला असणार.

त्याला खुर्चीवर बसवा. बसण्याआधी त्याने दोन्ही शेपट्या हाताने बाजूला केल्या पाहिजेत, दहा वेळा करायला लावा, तोवर ते सहज दिसत नाही. बसल्यावर कॉलर मानेपासून सुटते का बघा. सुटत असेल तर पाठ लांब बेतली गेली आहे, खांद्याच्या शिवणीतून अर्धा इंच आत घ्या. मग त्याला डावीकडच्या माणसाला पोर्ट वाइनची बाटली द्यायला सांगा, कारण ती नेहमी डावीकडेच फिरते. त्या हालचालीत बाही मनगटाच्या वर किती जाते ते मोजा. शर्टाचा कफ अर्धा इंच दिसला तर ठीक, दीड इंच दिसला तर बाही आखूड.

आणि शेवटी त्याला मान खाली घालून जेवणाआधीची प्रार्थना म्हणायला लावा. हे काम त्याचंच. चॅपलिन हजर असला की टेबलाशी प्रार्थना तोच म्हणतो. मान खाली गेली की १८४०चा मलमलीचा गळपट्टा हनुवटीखाली चुरगळतो आणि तो तसाच चुरगळलेला राहू द्या. १८९०ची कडक कॉलर मात्र हनुवटीला टोचत असेल तर पुढून पाव इंच कमी करा, नाहीतर नट प्रार्थना उरकून टाकतो.

प्रयोगानंतर

काळं लोकरी कापड धुवायचं नसतं. घामाचे डाग ओल्या फडक्याने टिपा, मऊ ब्रशने लवेच्या दिशेने वरून खाली झटका, सावलीत रुंद हँगरवर टांगा. पेटीत डांबरगोळ्या कापडाच्या पुरचुंडीत, थेट कोटावर नाही. पांढऱ्या कॉलरी, मलमल आणि बँड वेगळ्या डब्यात.

आणि हा कोट अधिकाऱ्यांच्या कोटांच्या पेटीत टाकू नका. त्यांची कलाबतू घासली गेली की तिचे बारीक कण याच्या लवेत अडकतात. ते ब्रशने निघत नाहीत आणि पुढच्या प्रयोगाला दिव्याखाली पाद्र्याचा खांदा चकाकायला लागतो. चिकटपट्टीचा तुकडा बोटाला गुंडाळून एकेक कण टिपत बसावं लागतं.